पासंग

बोरा सुटला की त्रिएस्ते शहर तिरकं चालतं.
पूर्वी चढाच्या गल्ल्यांतून दोर बांधायचे म्हणे,
माणसं दोराला धरून बेकरीपर्यंत जायची.
मी बसने टेकडीवर येते,
खिडकी घट्ट लावते
आणि रात्रभर चाललेलं गणित उघडते.

प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा एक रेणू बसलाय.
बसलाय म्हणजे थरथरतोय.
एका सेकंदाचे पाचशे लाख कोटी तुकडे केले
तर प्रत्येक तुकड्यात जरासा हलतो,
पण उठत नाही.
खालच्या प्रयोगशाळेतले सांगतात, सुटायला चाळीस मिनिटं लागतात.
आमचं यंत्र दिवसाला अर्धा मायक्रोसेकंद पुढे सरकतं.
प्रामाणिकपणे वाट पाहायची तर
एक कोटी तीस लाख वर्षं.
माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.

म्हणून मी वाळू टाकते.
रेणू जिथे रेंगाळला तिथे ऊर्जेची एक चिमूट,
मग थांबायचं,
बराच वेळ थांबायचं,
मग आणखी एक.
दरी हळूहळू उथळ होते.
घाई केली तर वाळू खिंडीत पडते,
आणि खिंड एकदा बुजली की
कोण किती वेळात ओलांडून गेलं
हे कुणालाच सांगता येत नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले.
वेकोस्लाव श्केर्क, बंदरातल्या गोदामात
एकतीस वर्षं कॉफीची पोती तोललेला माणूस.
"पासंग लावणं पाप नाही, नेवेन्का.
लावलेला विसरणं पाप."
आधी रिकामं पोतं तोलायचं,
मग भरलेलं,
मग तागाचं वजन वजा.

मीही विसरत नाही.
पायाखाली केव्हा किती वाळू होती ते टिपून ठेवते
आणि त्या हिशेबाने घड्याळ ताणते:
वाळू थोडी तर क्षण दुप्पट,
वाळू फार तर त्याच क्षणाची मिनिटं.
उसन्या वेळेचं चक्रवाढ व्याज.

वीस वेळा पहिल्यापासून सुरू केलं.
वीसही वेळा तो सुटला.
एकदा नऊ मिनिटांत, एकदा दोन तासांनी,
एकदा अशा फटीतून की मी तिला दार म्हटलंच नव्हतं.
खरी दुर्मीळ घटना बेफिकीर असते,
किती वेळ बसलाय याचा
केव्हा उठेल याच्याशी संबंध नसतो.
माझ्या वेळांचा होता.
रेषा जुळेना. वाळू कुठेतरी खिंडीत सांडली होती.

तीन आठवड्यांनी सापडलं.
खोबणीच्या तळाशी पाण्याचा एक रेणू,
एकच,
तो आधी निघाल्याशिवाय औषध निघत नव्हतं.
मी सगळा वेळ औषधाकडे बघत होते.

बाबा आठ महिने घराबाहेर पडलेले नाहीत.
आई गेल्यापासून खुर्ची, रेडिओ, पुन्हा खुर्ची.
मी नवे बूट आणून दाराशी ठेवले.
कार्स्टवरच्या ओस्मित्सात नवी वाइन उघडली, म्हटलं, चला.
शेजारच्या म्हाताऱ्यांना पत्ते घेऊन पाठवलं.
चिमूट नव्हे, घमेल्याने टाकत होते,
आणि टिपूनही ठेवलं नाही.

आज दुपारी कोसुत्ता बाईंचा फोन.
तुझे वडील रस्त्यावर दिसले,
या वाऱ्यात,
दिव्याच्या खांबाला धरून उभे.

संध्याकाळी मी गेले तर खुर्चीतच होते.
बूट जुनेच, ओले.
का गेलात, विचारलं.
बराच वेळ रेडिओकडे बघत राहिले.
"टोपी गेली," म्हणाले. "समुद्राकडे."

कुठलं पाणी आधी निघालं, मला ठाऊक नाही.
मी ते मोजतच नव्हते.

एका घटनेवरून दर काढता येत नाही,
हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.
तरी वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली,
दोन वाजून दहा,
आणि समोर, वजा करायच्या रकान्यात,
काय लिहावं ते न कळून
पेन तसंच धरून बसले.