काढला का?

गंगाखेडहून सकाळची नांदेडची गाडी.
पर्समध्ये दीड लग्नसराईचे पैसे,
आणि पाठकोऱ्या कागदावर माझ्याच अक्षरात
पस्तीस. पन्नास. पंचाऐंशी.
शेजारची बाई वाकून बघते. "भिशी का?"
मी हो म्हणते.

वजीराबादेत इलियासभाई काचा मांडतात
सराफासारख्या, फक्त मखमलीऐवजी कालच्या पेपरावर.
"बॉडी चार वर्षांची पाहुणी, ताई.
काच घरात राहती. पैसा काचेत घाला."
शटर किती पडलंय, मी विचारते.
"बेचाळीस हजार. एकहाती. डॉक्टरचा पोरगा होता,
विष्णुपुरीला पक्षी काढायचा.
लग्न झालं, पक्षी सुटले."

पंचाऐंशी डोळ्याला लावते.
रस्त्यापलीकडचा केळीवाला एकदम देखणा होतो,
मागची रिक्षा, बोर्ड, माणसं
लोण्यासारखी पातळ होत जातात.
असं दिसायला कुणाला नको वाटंल?

पण नवरीची खोली आठवते :
दहा बाय दहा, अकरा बायका, एक कूलर, गाद्यांची चळत,
आणि फोटोवाली बाई म्हणून आत फक्त मी.
तिथं पंचाऐंशी लावायची
तर भिंतीतून मागं जावं लागंल,
मोरीत.

आरसा नसतो ह्यात.
आमच्या स्टुडिओत तर आधी आरसाच लागायचा,
सुतळीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा,
मग खुर्ची.
परवा बापूंना सांगत होते,
आता फोटो निघायच्या आधीच दिसतो,
उजेड किती, काळोख किती, सगळं.
पासपोर्टचे चौकोन कापता कापता म्हणाले,
"मग काढायचा कामून?"
अजून उत्तर सुचलेलं नाही.

बापूंची पन्नास सोबत आणली होती, रुमालात.
इलियासभाईंनी टॉर्च मारला.
कडेनं एक पांढरं मूळ आत शिरलेलं.
"बुरशी. साफ करायला अठराशे, गॅरंटी नाही."
राहू द्या. ॲडॉप्टर दाखवा.

ॲडॉप्टर म्हणजे एक पोकळ कडं.
जुन्या बॉडीत आरसा जिथं उठायचा-बसायचा
तेवढीच जागा, आत काच नाही, काही नाही.
त्या काही-नाहीचे बाराशे.
घासाघीस केली, हजारावर आले.

पस्तीस घेतली. डॉक्टरच्या पोराची बॉडी घेतली.
पंचाऐंशी उचलून परत ठेवली,
तिच्याखाली पेपरात कापसाचा भाव होता,
काचेतून जरा वाढलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक
इसादच्या सोजरबाई, निराधारच्या फॉर्मसाठी.
बसल्या. पदर नीट. श्वास धरला.
मी बटण दाबलं.
आवाज नाही.
दोन निघाले, चार निघाले,
सोजरबाई तशाच ताठ, पापणी न हलवता,
ओठांच्या फटीतून म्हणतात,
"काढला का?"
काढला, मावशी.
"वाजलं न्हाई की."

आतून, कात्री हातात असतानाच,
बापूंनी जिभेनं टाळूला खट्ट केलं.

बाईंनी श्वास सोडला, खांदे सोडले,
दोन दात नव्हते तिथून हसल्या,
आणि तोही निघाला,
कडेला बुरशीचा थोडा धूर घेऊन.

फॉर्मला तो चालत नाही.