सतरावा रकाना

सिंदेवाहीच्या अलीकडे, फाट्यापासून आत,
गावच्या वाचनालयात एकच टेबल.
त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली दुमडलेलं पोतं,
वर माझा लॅपटॉप
आणि पडद्यावर एकशे बारा कॉलेजं,
निळ्या ठिपक्यांची.

मी सोळा रकाने केले होते.
फी, कटऑफ, जागा, प्रयोगशाळा,
नोकरी किती जणांना, पगार सरासरी किती.
नागपूरला शिकले होते तसंच सगळं:
दोनच रंग, वर एक सरकपट्टी,
बोट ठेवलं की ठिपका फुगतो.
तो फुगताना बघायला मला फार आवडायचं.

पहिलं बोट दिव्यानी मडावीचं.
"ताई, याच्यात शेवटची गाडी कोठी लिवली हाये?"
कसली गाडी, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं मी ताटावर बसून विचारलंय, भात कशाला.

तर सतरावा रकाना. शेवटची गाडी.
एकाही माहितीपत्रकात नव्हती ती.
गुरनुले कंडक्टर स्टँडवर चहा थांबवून सांगत गेले,
मी मांडीवर वही घेऊन लिहीत गेले.
"पाच चाळीसची लिहू नोको बाई,
ते कागदावर हाये. रोडवर नाई."
खोडली. साडेचारची लिहिली.
घरी येऊन आकडे भरले,
आणि एका दमात एकतीस ठिपके राखाडी पडले.
त्यात दोन तर माझ्या यादीत सगळ्यात वर होते.

लोकेश नन्नावरेनं पुढचा आणला:
उतरल्यावर चालायचं किती, आणि मधात जंगल किती.
"वाघ कसा दाखवशीन?"
थट्टा नव्हती ती.
मी एक लाल त्रिकोण काढला.
रात्री पुसला.
लोकेशला त्यानं फरक पडला नसता,
पण कुणा मुलीच्या बापानं तो बघितला असता
तर ती घरीच राहिली असती.
त्रिकोणाच्या जागी लिहिलं: सोबत असावी.
अजून मला ठरवता येत नाही
ते बरं केलं का.

एका दुपारी दिव्यानीची आई आली.
तेंदूच्या पुड्यांचे दोरे बांधून बोटं चिरलेली,
पडद्याला लावू की नको, असं झालेलं तिला.
मी म्हटलं, लावा.
फीची पट्टी तिनं मागे ओढली,
ठिपके विझले. आणखी मागे,
चार उरले. तिथंच थांबली.
"पट्टी मागं सरकोली का कालेज कमी होतेत?"
हो.
"आन् पुढं सरकोली तं?"
वाढतात.
"मंग फक्त पुढंच सरकन अशी बनव ना."

ती हसली, म्हणून मी पण हसले.

मी स्वतः निवडलं होतं ते कॉलेज
माहितीपत्रकातल्या कारंज्यावरून.
चकाकता कागद, पाणी हवेतच थबकलेलं.
तीन वर्षं शोधलं. शेवटी चौकीदार म्हणाला,
"फोटो दुसरीकडचा हाये तो."

म्हणूनच असेल, पण रिकाम्या चौकटींचं काय करायचं
यावर मी आठ दिवस अडले.
आधी शून्य भरलं होतं. शून्य म्हणजे वसतिगृह नाही.
पण त्यांनी तर काही सांगितलंच नव्हतं,
आहे नाही, नाही नाही.
मग सगळी शून्यं काढली, शब्द टाकले: उत्तर आलं नाही.
पडदा कुरूप दिसू लागला.
तसाच ठेवला.

दिव्यानीनं शेवटी दोन कॉलेजं शेजारी लावली.
एकाचे खांब उंच,
दुसऱ्याचे बुटके, सगळेच.
तिनं बुटक्यावर बोट ठेवलं.
का गं?
"याच्या सगळ्या चौकटी भरल्या हायेत.
म्हंजे फोन उचलतेत ना ते लोक."

मी पुढं काही विचारणार होते,
पण फाट्यावर साडेचारच्या गाडीनं हॉर्न दिला
आणि ती चपला हातात घेऊन
पळत सुटली.