वारसनोंद

जमीन सिडकोत गेली तेव्हा
सातबाऱ्यावरची आमची नावं पुसली.
मला वाटलं, संपली वारसनोंद.

आज वाशीत रिपोर्ट: हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.
"घरात कुणाला यकृताचा कॅन्सर?"

बाबा. पदूकाका.
दिवाळे गावात अजून म्हणतात, दारूनं गेले.
बाबांनी ताडीसुद्धा कधी चाखली नाही,
तरी आई तेराव्यापर्यंत मान खाली घालून.

आजीकडूनच आलं असणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जन्मताना, दोघा भावांत.
तुम्हाला आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

धाकट्याला फोन केला: उद्या रक्त द्यायला ये.
तो म्हणाला, मी कुठं पितो?

ओवी जन्मली त्या रात्रीच
इवल्या मांडीत टोचली होती लस.
केवढी किंचाळलेली!
ते कार्ड
सातबाऱ्याच्या फायलीत आहे, वरच.