टाकळीचा पाया

काळ्या दगडाखाली पांढरट थर लागला,
झिंगराजीनं सब्बल थांबवली.
"अबे, गोगलगाय काहून इथं?"

नखाएवढी. दगड झालेली.

इथं तळं होतं म्हणे,
लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या
मधल्या सुट्टीत.
पहिला निवला, पाणी साचलं,
ही आली, शेवाळ खात राहिली.
नागपूर नव्हतं,
उन्हाळा तेवढा असेल.
मग दुसरा लोट आला,
पाठीवरचं घर होतं तसंच राहिलं,
साडेसहा कोटी वर्षं.

झिंगराजीनं ती खिशात टाकली
चुन्याच्या डबीशेजारी.
पोरीला दाखवेल.
ती विचारेल, जिती हाय का?

मी घड्याळ बघतो.
डोक्यावरचा दुपट्टा ओला करून घेतो.
काँक्रीटची गाडी फाटकाशी उभी आहे,
आमचाही थर
ओतायचा आहे.