अनुकूल बाजू

लावण्याला चिठ्ठीत विषय आलाय:
'धर्मावर बंधनं आणली तर दहशतवाद कमी होईल.'
बाजू अनुकूल. वेळ चार मिनिटं.
"पप्पा, मुद्दे सांगा की," म्हणते
आणि वहीत समास आखून बसते.

मी कसले मुद्दे सांगणार.
मी दत्तनगरात जेकार्डचे पुठ्ठे पाडतो.
भोक असेल तिथं सुई आत शिरते, धागा वर येतो;
नसेल तिथं धागा गुमान खाली.
रमजानच्या तोंडावर मुसल्ल्यांची कमान पाडली,
त्याच टेबलावर नंतर कुठल्या हॉटेलाचं नाव, टॉवेलासाठी.
पंचाला काय कळतंय.

पहिला मुद्दा लिही:
तुझा व्यंकटेशम काका.
सूत बघायला हैदराबादला गेला होता,
बसथांब्याला कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.
चपलेवरून ओळखला आम्ही. एकाच.
त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं ना,
तर घंटा, भोंगा, मिरवणूक, टिळा, टोपी,
सगळ्याला कुलूप घालून किल्ली
कंबर तलावात फेकली असती मी.
हे जोरात म्हण. टाळ्या पडतील.

मग दुसरा.
त्याच आठवड्यात, रात्री दोनला,
मौलाली नदाफच्या आबिदला उचलून नेलं.
वार्पिंगवर मौलाली, समोर मी;
अकरा दिवस आम्ही तुटलेली टोकं जोडली,
बोललो नाही.
पोरगा परत आला. कागदावर काहीच नव्हतं.
आधी शुक्रवारचाच जायचा, तोही उशिरा,
बाही सोडवत, पळत.
आता पाच वेळा जाऊ लागला. पहिल्या रांगेत.
मला भीती वाटली.
मग भीती वाटली याची लाज वाटली.
आबिद आता होटगी रोडला फ्रिज दुरुस्त करतो,
आपलाही त्यानंच केला.
हा मुद्दा कुठल्या बाजूचा, तूच ठरव.

आणि ते संचारबंदीचे तीन दिवस.
तू नव्हतीस तेव्हा.
देवळाला कडी, मशिदीला कडी,
बांग नाही, आरती नाही, माग बंद.
माग बंद पडले की आपल्या गावाच्या कानात दडे बसतात.
वाटलं, चला, एकदाचं शांत.
तर खालच्या बोळात पोरं टेपवर
बारीक आवाजात कुणाचं तरी भाषण ऐकत होती.
देवाचं नाव होतं त्यात, दर दोन वाक्यांना,
खोटं कशाला बोलू.
पण मध्येमध्ये 'ते', 'त्यांची', 'त्यांना' असं जे येत होतं,
तेवढ्यासाठी पोरं टेप मागं घेत होती.

अत्तम्मा अजून दर सोमवारी मार्कंडेयाला जाते.
फूल नेत नाही, हात जोडत नाही.
उभी राहते आणि तेलुगूत भांडते.
पुजारी आता तिला बाजूला घेत नाहीत,
रांगच तिला वळसा घालते.
तिथं कुलूप दिसलं
तर ती जाब कुणाला विचारणार? कलेक्टरला?

"पप्पा, हे सगळं विरोधी बाजूचं व्हायलंय."
व्हायलंय का?

हे बघ. एक भोक चुकलं
तर चूक एकदाच होत नाही.
जेवढ्या चादरी, तेवढ्या वेळा, बरोबर त्याच जागी.
म्हणून काय पुठ्ठ्यांची अख्खी माळ पेटवतो का आम्ही?
दिव्यासमोर एकेक धरायचा,
नको त्या भोकावर कागदाची टिकली डकवायची.
डोळे जातात. रात्र जाते.
कधी सापडतच नाही,
आणि चादर तशीच बाजारात जाते,
कुणीतरी ती पांघरून झोपतंही.

"चार मिनिटांत बसणार नाही हे."
नाही बसणार.

ती पेन्सिलीचं टोक चावत राहते.
बाहेर रात्रपाळीचे माग सुरू झालेत.
मग विचारते,
कुणी आजवर विचारलं नव्हतं मला:
"पप्पा, चप्पल कुठल्या पायाची होती?"

डाव्या.

ती समासाच्या आत
लिहून घेते.