दासी दुसरी

नायगावच्या म्युनिसिपल शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
बाकं भिंतीला सरकवून तालीम चालते.
फळ्यावर सकाळचे अपूर्णांक तसेच.
मी खिडकीजवळ. मांडीवर संहिता,
चष्मा दोरीला बांधलेला.
चौतीस वर्षं मी लोकांना शब्द देतेय.

जुनं नाटक. राजा संशय घेतो,
राणी पेला घेते.
मग राजाचं स्वगत, साडेसहा पानं,
आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा
रुमाल काढतो तो राजासाठी.
साडेसहा पानांत राजे हमखास अडतात.
एकेका राजाला मी 'धिक्कार' पासून उचलून
'हे नियती' पर्यंत नेऊन पोचवलंय.
राण्या कधीच विसरल्या नाहीत.
विसरायला त्यांच्याकडे होतं काय?
'जशी आज्ञा', आणि एक किंकाळी,
तीही कंसात.

यंदाची राणी कुंदन घाडी. बेस्टमध्ये कंडक्टर,
वडाळा डेपोतून ड्यूटी संपवून येते,
बोटांना नाण्यांचा वास.
पहिल्याच वाचनाला तिने विचारलं,
"सर, हे विष आणलं कुणी?"
नाचणे सर म्हणाले, अगं, प्रतीक आहे ते.
"असूदे प्रतीक. पण आणलं कुणी?
पेला काय चालत येतो?"
पोरं हसली. सर हसले नाहीत.
मी पान उलटलं. तिथे होतं:
दासी दुसरी पेला घेऊन येते. जाते.

ती मी होते.
एकोणीस वर्षांची. शहाऐंशी प्रयोग.
पितळी पेल्यात कोकम सरबत,
आईने औषधाच्या बाटलीतून दिलेलं.
हँडबिलावर 'इतर'.
विंगेत उभी राहून रोज ऐकायचे
राजाची साडेसहा पानं,
आणि वाटायचं, आता कुणीतरी विचारेल,
काय गं, तू काय पाहिलंस?
पेला घेताना तिची बोटं गार होती की गरम?
बोलली का काही, कंसाबाहेरचं?
बरं आहे, शोकांतिकेत पंचनामा नसतो.
असता तर पहिली मीच आत.

काल चौथा अंक उभा केला.
दासीच्या कामाला अकरावीतली विशाखा.
आली. पेला पुढे केला. वळली.
कुंदनने तिचं मनगट धरलं,
विनातिकीट माणसाला धरतात तसं नाही,
उतरताना तोल गेलेल्याला धरतात तसं,
आणि विचारलं,
"तुझं नाव काय गं?"

पंखा तेवढा फिरत राहिला.
"हे संहितेत नाही," सर म्हणाले.
"माहितीये," कुंदन म्हणाली. मनगट सोडलं नाही.
विशाखाने सरांकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं,
मग, शब्द विसरलेले सगळे पाहतात तसं,
माझ्याकडे.

मी ओळीवर बोट ठेवलं.
येते. जाते.
मधे एक पूर्णविराम, पेन्सिलच्या टोकाएवढा.
आणि चौतीस वर्षांच्या सवयीने,
ओठ फारसे न हलवता,
फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात
मी दिलं,
"शालन."

तिने ते म्हटलं
पार भिंतीच्या बाकांपर्यंत पोचेल असं.