आठवा गोल

सातवा गोल बसला तेव्हा आम्ही उठलो.
आठवा, गेटाबाहेर गाड्या काढताना
पाठीमागनं नुसता ऐकला :
फळीवर चेंडू आपटल्याचा आवाज,
कोरडा, कुणी आतून कडी घालावी तसा.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी आल्या होत्या.
चिंचझाड तालमीचा हॉकी संघ हरला
की आमची ग्रामसभा इथंच भरते,
उभ्यानं, हातात ग्लास,
ज्याच्या त्याच्या मिशीला धारोष्ण फेस.

सर्जेराव वाईंगडे पहिले. त्यांना कायमच घाई.
"ते तिघं भाड्यानं आणलेत न्हवं, पुढच्या फळीत?
एकाला तरी आपली शिवी कळती का?
मग पास कसा कळायचा?"
बाबालाल शिकलगार, ज्यांनी गल्लीतल्या निम्म्या स्टिका
सरस आणि सुतळीवर पुन्हा उभ्या केल्यात,
म्हणाले, "पोरांचं नाव घेऊ नका. पोरं पळत्यात.
मधली फळी कुठाय? मधी सगळा रंकाळा झालाय,
कुणीबी यावं, भेळ खावी, फिरून जावं."

मग कोच निघाला, जो लॅपटॉप उघडून बसतो
आणि पेनल्टी कॉर्नरलाही मान वर करत नाही.
मग अध्यक्ष, ज्यांनी रस्त्याचं टेंडर भरावं
तसा संघ घेतला : वर डांबर, खाली खडी न्हाई.
मेवेकरींनी यादी कर्णधाराच्या मेहुण्यापर्यंत नेली.
शालन सूर्यवंशी, एकेकाळची लेफ्ट-इन,
ग्लास खाली ठेवून म्हणाली,
"मी सांगतो. मी सांगतो कुठं बिघडलं.
गोलात उभा राहणारा माणूस
तुम्ही पॅडच्या पैशावरनं घालवलासा."

कट्टा गप्प.
कारण तो माणूस तिथंच होता,
उकिडवा, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून
धार काढत.
बाळगोंडा. अकरा वर्षं आमच्या गोलात.
डाव्या हाताची करंगळी वाकडी,
कुठल्यातरी उपांत्य सामन्याची.
ती आचळाला लागत नाही, बाहेरच राहते,
जरा शिष्ट दिसते.

मी काही बोललो नाही.
मार्चमधल्या बैठकीत चिटणीस मीच होतो.
ठराव क्रमांक चार. वय, वजन, खर्च.
"नव्या रक्तास वाव" हे शब्द माझे,
अक्षरही माझं, नको तितकं वळणदार.
सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर
एवढा वाद पेटलाय आणि मला कुणी विचारत नाही.
कोल्हापुरात याहून मोठी शिक्षा नाही.

शेवटी सर्जेरावांनीच धीर केला :
"बाळगोंडा, तूच सांग. तो पाचवा. तू असतास तर?"
धार थांबली नाही. चुर्र, चुर्र.
"पाचवा मलाबी गेला असता.
सहावा न्हाई. सहाव्याला पोरगं पुढं यायला भ्यालं.
सातव्याला ते तुमच्याकडं बघत हुतं.
तुम्ही चपला शोधत हुता."
"आणि तू कुठं हुतास?"
"गोलामागं. जाळीपाशी. आठव्यापतोर."

म्हशीनं शेपटी मारली, ती नेमकी मेवेकरींना.
कुणी हसलं नाही.

बाळगोंडानं ग्लास भरला, माझ्यासमोर धरला.
"फेस बसू दे, मग प्या," म्हणाला,
जसा दर वेळी म्हणतो तसाच.
मी सुटे पैसे मोजत राहिलो, दोनदा चुकलो.
"आणि चिटणीस,
त्या पोराच्या पायात माझीच पॅडं हाईत.
पट्टा माझ्या पोटरीच्या मापाचा.
पळताना घसरत्यात. एक भोक जास्त पाडून द्या."

बाबालालनी पिशवी चाचपली,
आरी काढली,
माझ्या हातात दिली. लाकडी मूठ घामानं काळी झालेली.
तोवर सर्जेराव पंचाकडं वळले होते,
आणि तिसऱ्या गोलाला चेंडू पायाला लागला होता की नव्हता
यावर कट्टा पुन्हा चढत्या आवाजात.
मी आरी खिशात टाकली.
टोचत होती. हलवली नाही.